फिलिपिनो स्वत्व आणि संशोधनाची शिस्त

एखाद्या राष्ट्राला ‘आपण कोण’ हा प्रश्न पडला म्हणजे तें प्रथम आपल्या भूतकाळाकडे वळतें. त्यांत नवल कांहींच नाहीं. परंतु तो भूतकाळ बहुतांशीं परक्यांनीं लिहिलेल्या कागदांतच शिल्लक उरला असेल, तर त्या राष्ट्रानें काय करावें? ते कागद टाकून द्यावे, तर हातीं फारसें कांहीं राहात नाहीं. जसेच्या तसे स्वीकारावे, तर आपल्याविषयींचें परक्याचें मत तेंच आपलें मत होऊन बसतें. फिलिपाइन्स देशांतील विचारी लोकांवर हा प्रसंग सव्वाशेंहून अधिक वर्षें आलेला आहे. त्यांतून त्यांनीं कशी वाट काढली आणि कोठें ठेंच खाल्ली, हें पाहिलें असतां संशोधन म्हणजे काय व तें लिहावें कसें, याचेंही बरेंचसें शिक्षण मिळतें; म्हणून हे दोन विषय मी आज एकत्र घेतले आहेत. हल्लीं कॉलेजांत शिकणाऱ्या मुलामुलींना संशोधनपर निबंध लिहावे लागतात आणि घरच्या वडील मंडळींना तो काय प्रकार आहे याचें कोडें पडतें. त्यांनाही या हकीकतीचा कांहीं उपयोग व्हावा.

प्रथम देशाची थोडी ओळख करून घेऊं. चीनच्या आग्नेयेस, पॅसिफिक महासागराच्या पश्चिम कडेला ७,६४१ बेटांचा हा समूह पसरलेला आहे. तेथें दीडशेहून अधिक भाषा बोलल्या जातात. देशाचें नांवच मुळीं परक्या राजपुत्राचें. स्पेनचा राजपुत्र फिलिप, जो पुढें दुसरा फिलिप म्हणून गादीवर बसला, त्याचें नांव १५४२-४३ च्या एका स्पॅनिश मोहिमेनें यांतील कांहीं बेटांना दिलें आणि मागाहून तें साऱ्या समूहास लागलें. १५६५ पासून १८९८ पर्यंत स्पेनचें राज्य, नंतर अमेरिकेचें, मध्यंतरीं जपानी सैन्याचा अंमल, आणि ४ जुलै १९४६ रोजीं स्वातंत्र्य, असा या देशाचा धांवता इतिहास आहे.

‘फिलिपिनो’ हा शब्द आज आपण त्या देशाच्या सर्व नागरिकांस लावतों. स्पॅनिश राजवटींत मात्र त्या बेटांवर जन्मलेल्या स्पॅनिश माणसास मुख्यतः हें नांव असे. तेथील मूळ रहिवाश्यास ‘इंदियो’ म्हणत, आणि त्या शब्दांत तुच्छता भरलेली असे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शिकलेल्या तरुणांच्या एका पिढीनें तो पहिला शब्द उचलला आणि आपल्या सर्व देशबांधवांस लावला. या पिढीचे अग्रणी डॉ. होसे रिझाल होत. ते १८६१ सालीं लागुना प्रांतांतील कलाम्बा गांवीं जन्मले, नेत्रवैद्यक शिकले, ‘नोली मे तांगेरे’ ही कादंबरी त्यांनीं १८८७ सालीं बर्लिन येथें छापली, आणि ३० डिसेंबर १८९६ रोजीं स्पॅनिश सरकारनें त्यांना मनिला येथें गोळ्या घालून ठार केलें. त्यांच्या कादंबऱ्यांविषयीं पुष्कळांनीं ऐकलेलें असतें. १९५६ च्या एका कायद्यानें त्या देशांतील प्रत्येक महाविद्यालयांत रिझाल यांचें चरित्र व ग्रंथ शिकविणें सक्तीचें झालें आहे. मला आज सांगावयाचें आहे तें त्यांच्या एका कमी वाचल्या जाणाऱ्या ग्रंथाविषयीं.

‘नोली’ कादंबरींत देशाच्या वर्तमान स्थितीचें चित्र काढल्यावर रिझाल यांच्या लक्षांत आलें कीं, भूतकाळ कळल्यावांचून हें वर्तमान कोणास नीट उमगणार नाहीं. १८८८ सालीं ते लंडनला गेले. तेथील इंडिया ऑफिसचे ग्रंथपाल डॉ. राइनहोल्ड रोस्ट हे संस्कृत व मलायी भाषांचे पंडित होते. त्यांच्या ओळखीनें ब्रिटिश म्युझियमचें वाचनालय रिझाल यांना खुलें झालें. तेथें आन्तोनियो दे मोर्गा याचा १६०९ सालीं मेक्सिकोंत छापलेला, फिलिपाइन्स बेटांच्या वृत्तांताचा दुर्मिळ ग्रंथ होता. रिझाल यांनीं तो हातानें उतरून काढला, त्यास टिपा लिहिल्या आणि १८९० सालच्या आवृत्तीच्या रूपानें पॅरिस येथें प्रसिद्ध केला.

मोर्गाच कां निवडला? येथेंच संशोधनाचा पहिला धडा आहे. त्या काळच्या फिलिपाइन्सवरील बहुतेक ग्रंथ धर्मोपदेशकांनीं लिहिलेले; त्यांत चमत्कार आणि धर्मांतरें यांचाच भरणा अधिक. मोर्गा हा गृहस्थाश्रमी अधिकारी. तो १५९५ सालीं मनिलाला आला, लेफ्टनंट गव्हर्नर झाला, पुढें तेथील वरिष्ठ न्यायालयाचा न्यायाधीश झाला. त्यानें जें लिहिलें त्यांतील बरेंचसें डोळ्यांनीं पाहिलेलें. म्हणजे रिझाल यांनीं ‘या गोष्टीला सर्वांत जवळचा साक्षीदार कोण, आणि त्याचा स्वार्थ कशांत होता’ हा प्रश्न आधीं विचारला. साक्षीदार जवळचा असला म्हणजे तो सर्वत्र विश्वासार्ह ठरतो, असें मात्र नव्हे. डिसेंबर १६०० मध्यें डच कप्तान ओलिव्हिएर व्हान नूर्ट याच्याशीं झालेल्या सागरी लढाईंत मोर्गा स्वतः सेनापति होता आणि त्याचें ‘सान दियेगो’ जहाज बुडालें. या लढाईचें मोर्गानें केलेलें वर्णन त्याच्या स्वतःच्या शौर्यास शोभेल असेंच आहे. डच कप्तानाची हकीकत निराळी आहे. त्या जहाजाचे अवशेष १९९१ सालीं समुद्रतळीं सांपडले. न्यायाधीशाचीही साक्ष त्याच्या स्वतःच्या खटल्यांत तपासूनच घ्यावी लागते.

आतां या आवृत्तीचें पान डोळ्यांपुढें आणा. वरच्या बाजूस मोर्गाचा मजकूर, आणि खालीं बारीक टाइपांत रिझाल यांची टीप. रिझाल यांना मोर्गाचें म्हणणें पटलें नाहीं म्हणून त्यांनीं तें वगळलें नाहीं, अगर त्यांत आपले शब्द मिसळले नाहींत. स्पॅनिश अधिकाऱ्याचें म्हणणें वर राहिलें, फिलिपिनो माणसाचें उत्तर खालीं आलें, आणि वाचक दोघांमध्यें बसून निवाडा करावयास मोकळा राहिला. तीनशें वर्षें ज्यांच्याविषयीं इतरच बोलत होते, त्यांच्यापैकीं एकानें आपल्या प्रांताच्या इतिहासाच्या पानावर प्रथमच असें आसन मांडलें. तळटिपेंतलें आसन असलें तरी तें साधें नव्हतें. वसाहतींत या पुस्तकावर बंदी आली, यावरून सरकारलाही त्याचें वजन कळलें होतें असें दिसतें.

एक टीप फार गमतीची आहे. तेथील लोकांना मासळी सडूं लागली म्हणजेच अधिक आवडते, अशा अर्थाचें मोर्गानें लिहिलें आहे. त्याखालीं रिझाल म्हणतात कीं, ज्या अन्नाची आपणांस संवय नाहीं त्याची शिसारी येणें हा सर्वच राष्ट्रांचा स्वभाव, आणि स्पॅनिश लोकही त्यास अपवाद नाहींत. मोर्गा ज्याविषयीं बोलतो तें बागुओंग आहे आणि ज्यांनीं तें चाखलें आहे त्यांना ठाऊक आहे कीं तें सडलेलें नसतें, नसावेंही. बागुओंग म्हणजे बारीक मासळी किंवा जवळा मिठांत मुरवून केलेलें तोंडीलावणें. या टिपेंत संताप थोडा आणि माहिती पुष्कळ आहे. परक्यानें पाहिलें तें खरें, परंतु त्याचा लावलेला अर्थ चुकीचा, हा भेद तींत नेमका केलेला आहे. संशोधनपर लेखनांत हा भेद ज्याला साधला त्याला निम्मी विद्या आली असें मी समजतों.

आमच्या मुलांच्या निबंधांत हेंच होत नाहीं. शाळेंत वह्या तपासतांना ‘असें म्हणतात’ हा शब्दप्रयोग दर पानाला भेटे, आणि समासांत ‘कोण म्हणतात?’ असें लिहून लिहून लाल शाईची दौत रिकामी होई. वाचतांना टिपण करावें तेव्हांच ग्रंथाचें नांव, साल आणि पृष्ठांक लिहावा. दुसऱ्याचे शब्द अवतरणचिन्हांत घालावे. आपल्या मनांत आलेला विचार त्याच कागदावर, पण वेगळा लिहावा. ही तीन साधीं कामें वेळींच न केल्यामुळें पुढें दुसऱ्याचें वाक्य आपल्या नांवावर जातें, आणि त्याला चोरी म्हटलें कीं मुलाला खरोखरच वाईट वाटतें. कारण आपण चोरी केली हें त्याला कळलेलेंच नसतें. विषयही बेतानें घ्यावा. ‘फिलिपाइन्सची संस्कृति’ हा प्रश्न नव्हे, ती एक अलमारी आहे. ‘तेथील जहाजबांधणीविषयीं १६०९ च्या ग्रंथांत काय सांगितलें आहे, आणि त्यास दुसरा स्वतंत्र आधार कोणता’ हा प्रश्न आहे. त्याला उत्तर संभवतें.

रिझाल यांचें सर्वच निर्दोष होतें असें मात्र मानूं नये. स्पॅनिश लोक येण्यापूर्वीं आपला देश सुखी, उद्योगी व सुसंस्कृत होता आणि नंतर त्याची घसरण झाली, हें त्यांना सिद्ध करावयाचें होतें. उत्तर आधीं ठरलें कीं पुरावा त्या बाजूला कलूं लागतो. त्यांचे जिवलग मित्र, बोहेमियांतील लाइटमेरित्झ गांवचे अध्यापक फर्डिनांड ब्लुमेंट्रिट यांनीं या आवृत्तीस प्रस्तावना लिहिली. तींत त्यांनीं स्पष्ट म्हटलें कीं लेखक कित्येकदां गतशतकांतील घटना आजच्या कल्पनांनीं मोजतो. ही टीका रिझाल यांनीं आपल्याच पुस्तकाच्या आरंभीं छापली, हें विसरतां कामा नये. परंतु इलोकोस प्रांतांतील तरुण विद्वान इसाबेलो दे लोस रेयेस यांनीं जेव्हां लिहिलें कीं देशप्रेमाच्या भरांत रिझाल यांच्या हातून अतिशयोक्ति झाली आहे, तेव्हां मात्र रिझाल चिडले आणि १८९० सालीं ‘ला सोलिदारिदाद’ या पत्रांत त्यांनीं तिखट उत्तर दिलें. परदेशस्थ मित्राचें ऐकून घेतलें, स्वदेशीय टीकाकाराचें सोसवलें नाहीं. माणसाचा स्वभाव आहे. माझें मत विचाराल तर या वादांत इसाबेलो यांची बाजू अधिक बळकट होती. देशप्रेमानें संशोधकाला प्रश्न द्यावा, रात्र रात्र जागण्याचें बळ द्यावें. उत्तर देण्याचें काम मात्र पुराव्याकडे राहूं द्यावें.

हें न राहिल्यास काय होतें, त्याची हकीकत आतां ऐका.

१९१४ सालीं नेग्रोस बेटावरील होसे मार्को नांवाच्या गृहस्थानें मनिला येथील सरकारी ग्रंथालयाला कांहीं हस्तलिखितें दिलीं. त्यांत पावोन नांवाच्या धर्मोपदेशकानें १८३८-३९ सालीं लिहिल्याचें सांगितलेला एक ग्रंथ होता, आणि त्या ग्रंथांत पनाय बेटाच्या कलान्तियाव नांवाच्या राजानें १४३३ सालीं केलेल्या कायद्यांची अठरा कलमी संहिता होती. स्पॅनिश जहाज दिसण्यापूर्वीं जवळजवळ नव्वद वर्षें आपल्याकडे लिखित दंडसंहिता होती! ग्रंथालयाचे प्रमुख, अमेरिकन विद्वान जेम्स रॉबर्टसन यांनीं तिचें इंग्रजी भाषांतर १९१७ सालीं प्रसिद्ध केलें. मग काय विचारतां? ती पाठ्यपुस्तकांत गेली. बातान गांवीं कलान्तियावचें स्मारक झालें. नौदलाच्या एका युद्धनौकेला त्याचें नांव मिळालें.

कित्येक वर्षें कोणी साधा प्रश्न विचारला नाहीं कीं, मार्कोच्या आधीं या राजाचें नांव कोणी घेतलें होतें काय? तो विचारला विल्यम हेन्री स्कॉट यांनीं. हे अमेरिकन मिशनरी शिक्षक उत्तर लुझोनच्या डोंगरांत सागादा येथें राहात. मनिला येथील सान्तो तोमास विद्यापीठासाठीं प्रबंध लिहितांना त्यांनीं स्पॅनिशपूर्व काळाचा म्हणून सांगितला जाणारा एकेक आधार हातीं घेतला आणि प्रत्येकास त्याचा ठावठिकाणा विचारला. कलान्तियावचा माग काढीत मागें गेलें कीं वाट मार्कोच्या दारांत संपते. जुन्या स्पॅनिश वृत्तांतांत, दफ्तरांत, या राजाचा उल्लेख नाहीं. ग्रंथाच्या अंतरंगांतही विसंगति. १८३८ सालचा म्हणून दाखविलेला ग्रंथ स्पेनच्या राजाला अर्पण केलेला. त्या वर्षीं स्पेनला राजाच नव्हता. दुसरी इसाबेला ही लहान मुलगी गादीवर होती आणि तिच्या वतीनें तिची आई कारभार पाहात होती. त्या काळीं राहणाऱ्या माणसाकडून ही चूक होणें नाहीं. शिवाय संहितेंतील शिक्षा पाहा: मगरींच्या तोंडीं देणें, मुंग्यांकडून चाववून घेणें. उलट, प्रारंभींच्या स्पॅनिश लेखकांनीं त्या समाजाची जी रीत नोंदविली आहे, तींत बहुतेक अपराधांचें निवारण दंड भरून, आणि दंड न भरला तर ऋणाच्या दास्यांत जाऊन होत असे. फादर बुर्गोस या १८७२ सालीं फांशीं गेलेल्या देशभक्त धर्मोपदेशकाच्या नांवावर खपविलेली ‘ला लोबा नेग्रा’ ही कादंबरीही याच मार्कोच्या कारखान्यांतली, असें पुढें ठरलें.

१९६८ सालीं स्कॉट यांची तोंडी परीक्षा झाली. परीक्षक मंडळांत देशांतील नामांकित इतिहासकार होते, आणि त्यांपैकीं कांहींच्या पुस्तकांत कलान्तियाव विराजमान होता. मार्कोविषयींच्या प्रकरणावर एकही प्रश्न निघाला नाहीं, असें स्कॉट यांनींच पुढें नमूद केलें आहे. त्यांना पदवी मिळाली. परंतु राष्ट्राचा आवडता राजा एका प्रबंधानें थोडाच पदच्युत होतो! १९७१ सालीं, म्हणजे खोटेपणा सिद्ध झाल्यावर तीन वर्षांनीं, सरकारनें कलान्तियावच्या नांवानें एक सन्मान सुरू केला. त्याच्या नांवाची युद्धनौका १९८१ च्या वादळांत नष्ट झाली, तरी पाठ्यपुस्तकांतील राजा टिकून होता. तेथील राष्ट्रीय इतिहास संस्थेनें या संहितेला ऐतिहासिक आधार नाहीं असें ठरावानें जाहीर केलें तें २००४ सालीं. खोट्या कागदाला मिळालेलें आयुष्य नव्वद वर्षांचें भरलें.

स्कॉट यांनीं फिलिपिनो लोकांपासून एक पूर्वज हिरावून घेतला असें म्हणणारे भेटतात. मला तें अन्यायाचें वाटतें. त्याच प्रबंधांत ‘मारागतास’ या १९०७ च्या पुस्तकाचीही त्यांनीं तपासणी केली. बोर्निओहून आलेल्या दहा सरदारांची कथा तींत आहे. हें पुस्तक बनावट आहे असें स्कॉट म्हणत नाहींत; तें स्थानिक दंतकथांचें संकलन आहे, प्राचीन दस्तऐवज नव्हे, एवढेंच त्यांचें म्हणणें. बनावट आणि दंतकथा या दोहोंना एकाच दोरीनें त्यांनीं फांशीं दिलें नाहीं. पुढें स्पॅनिश कागदपत्रांच्या ओळींमधून, जणू चर्मपत्राच्या पडद्याला पडलेल्या भेगांतून, सामान्य फिलिपिनो माणूस कसा डोकावतो हें दाखविण्यांत त्यांनीं उरलेलें आयुष्य घालविलें. १९९३ सालीं ते वारले.

मग खरा, स्पॅनिशपूर्व, लिखित असा कांहींच पुरावा नाहीं काय? आहे, आणि तो आपणां मराठी श्रोत्यांच्या कानाला ओळखीचा वाटेल. १९८९ सालीं लागुना प्रांतांत, लुम्बांग नदीच्या मुखाजवळ गाळ उपसतांना एका मजुराला तांब्याचा एक पत्रा सांपडला. हा पत्रा १९९० सालीं राष्ट्रीय संग्रहालयानें विकत घेतला. तो वाचला आन्तून पोस्टमा यांनीं. हे डच गृहस्थ मिंदोरो बेटावरील मांग्यान लोकांत राहून त्यांच्या लिपीचा अभ्यास करीत. ताम्रपटाची लिपि जावा बेटावरील प्राचीन कवि लिपि, भाषा मुख्यतः जुनी मलायी, आणि आरंभींची मिति शके ८२२, वैशाख वद्य चतुर्थी, सोमवार! म्हणजे इसवी सन ९००, एप्रिलची २१ तारीख. आपण लग्नपत्रिकेवर जशी मिति घालतों तशीच ही घातलेली आहे. आंत ‘सेनापति’, ‘नायक’, ‘जयदेव’ असे शब्दही भेटतात.

येथें आपल्याकडील कांहीं मंडळींना मोह होतो कीं, पाहा, तेथें आपलेंच राज्य होतें. श्रोतेहो, हा दुसरा कलान्तियाव जन्माला घालूं नये. शक गणना आणि संस्कृत शब्द त्या काळीं जावा, सुमात्रा आदि देशांत रुळलेले होते. लिपीवरून व भाषेवरून ते त्याच वाटेनें मनिलाच्या आसपास पोंचले असें दिसतें. ताम्रपट जेवढें बोलतो तेवढेंच त्याच्या तोंडीं घालावें.

आणि तो बोलतो तरी काय? राजाची प्रशस्ति नाहीं, दंडसंहिता नाहीं. नामवरन नांवाच्या एका गृहस्थाचें एक काती आठ सुवर्ण एवढें सोन्याचें ऋण फिटलें, आतां त्याच्या मुलांबाळांवर त्याचा बोजा नाहीं, असें साक्षीदारांसमक्ष लिहून दिलेलें हें ऋणमुक्तिपत्र आहे. लेखांत तुंदुनच्या अधिपतीचा उल्लेख आहे; तुंदुन म्हणजे आजच्या मनिला शहरांतील तोंदो. मार्कोच्या भव्य संहितेच्या मानानें हा कागद अगदींच घरगुती. पण ऋण, साक्ष, मुलांबाळांवर येणारा बोजा, हा जो समाज प्रारंभींच्या स्पॅनिश लेखकांनीं सहाशें-सातशें वर्षांनंतर वर्णिला, त्याची ओळख या दहा ओळींत पटते.

पोस्टमा यांनीं हा शोध लावतांच वर्तमानपत्रांकडे धांव घेतली नाहीं. प्राचीन जावानी लेखांचे जाणते द कास्पारिस यांना त्यांनीं लिपीविषयीं विचारलें; अक्षरवळण इसवी सन ९०० च्या सुमारास शोभणारें आहे असें त्यांनीं सांगितलें. मग १९९२ सालीं मनिलाच्या एका संशोधनपत्रिकेंत पाठ, भाषांतर आणि चर्चा अशा तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या करून छापल्या, म्हणजे भाषांतर न पटणाऱ्याला मूळ पाठ हाताशीं राहावा. लेखांतील तुंदुन कोठलें याविषयीं फारसा वाद नाहीं. पैलाह आणि पुलिरन या गांवांविषयीं आहे. पोस्टमा यांच्या मतें तीं मनिलाच्या उत्तरेस बुलाकान प्रांतांत होतीं. दुसरे अभ्यासक त्याच ओळी वाचून त्यांचें स्थान लागुना सरोवराच्या कांठीं दाखवितात. ताम्रपट मनिलाच्या राष्ट्रीय संग्रहालयांत आहे, आणि हा वाद अद्याप मिटलेला नाहीं.